भिऊन की ठरवून?



गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या शेतकी खात्याच्या माणसांना वेळेवर जेवण नाही, आणि जेवायला बसलोच तर फोन सुटत नाही. तक्रार म्हणून सांगत नाही, कामच तसे आहे. पण वीसेक वर्षे हे काम करताना एक गोष्ट वरचेवर ध्यानात येते. उसाचा प्रश्न म्हणून माणसे आम्हाला विचारतात तो प्रश्न बहुधा उसाचा नसतोच. "साहेब, वाण कुठला लावू?" असे विचारणाऱ्याच्या मनात "माझं नुकसान तर न्हाई न्हवं होणार?" एवढेच असते. आणि मग वाण, लागणीची तारीख, खताची पोती, तोडीची चिट्ठी, सारे त्या एका धास्तीवर ठरते. आपल्याला या रानातून काय पाहिजे आहे, हे विचारायचे राहूनच जाते. या अंकात खताचे वेळापत्रक देण्याऐवजी यावरच चार शब्द लिहावेत असे वाटले. खताचे वेळापत्रक गट ऑफिसच्या फळ्यावर आहेच.

गेल्या हंगामातील गोष्ट. नोव्हेंबरच्या अखेरीस एक सभासद सकाळी सातलाच गट ऑफिसच्या पायरीवर येऊन बसले होते. सुरू हंगामाचा ऊस, फेब्रुवारीतली लागण, अजून दहा महिनेही पुरे झालेले नव्हते. म्हणाले, "साहेब, एवढी चिट्ठी द्या. टोळीचं काय ते मी बघतो." 'टोळीचं बघतो' याची फोड करून सांगायला नको, 'खुशाली' आणि 'एन्ट्री' हे शब्द आता लहान पोरांनाही ठाऊक झालेत. आम्ही त्यांच्याबरोबर फडात गेलो, हॅन्ड रिफ्रॅक्टोमीटर लावला. बुडख्याकडच्या कांड्याला ब्रिक्स १९, शेंड्याकडे १३. पक्व उसात बुडखा आणि शेंडा यांच्यातले हे अंतर जवळजवळ मिटलेले असते. येथे साखर अजून निम्म्या वाटेवर होती. आम्ही म्हणालो, "दोन महिने थांबा, वजनही वाढेल." तर म्हणाले, "थांबतो हो, पण राहिला तर?"

हा 'राहिला तर' कोठून आला, ते आम्हाला माहीत आहे. २०२१-२२ च्या हंगामात राज्यात ऊस एवढा झाला की मे उलटून जून लागला तरी गाळप चालूच होते. मराठवाड्यात उभे फड वाळताना लोकांनी पाहिले, आणि शेवटी सरकारला लांबच्या वाहतुकीसाठी व उतारा घटल्याबद्दल अनुदान द्यावे लागले. आपल्या या सभासदाचा ऊस त्या वर्षी एप्रिल सरता सरता तुटला, तुरे येऊन आत पोकळ पडलेला. ती आठवण मनात धरून हा माणूस कवळा ऊस कोयत्याखाली घालायला निघाला होता. एका वर्षाच्या जखमेने पुढच्या सगळ्या वर्षांचे निर्णय करायचे, असा हा प्रकार. काही जण तर याच्या पुढे जातात. फड पेटवून देतात, जळीत म्हणून आधी तुटेल म्हणून. कपात सोसतात, पाचट गमावतात, खोडव्याचे कोंब भाजतात, आणि एकदाचे 'सुटलो' म्हणून सुस्कारा टाकतात.

यात नुकसान त्यांचे एकट्याचे असते तर आम्ही एवढे लिहिले नसते. पण आपला दर ठरतो तो कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्यावर. तुमचा उतारा वेगळा, माझा वेगळा, असा हिशेब गव्हाणीत होत नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये रास्त व किफायतशीर दर ठरविला, आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. शंभर टन घालणाऱ्या सभासदाचे ३,४६० रुपये. उताऱ्याचा एक दशांश टक्का म्हणजे काही फार नव्हे. शंभर-दोनशे घाबरलेल्या माणसांनी कवळा ऊस आणून ओतला की तेवढा सहज जातो. मग ज्याने मुकाट्याने पाळीची वाट पाहिली त्याच्या बिलातूनही ते पैसे जातात. सहकार म्हणजे भीतीसुद्धा सामाईक!

चिट्ठी आम्ही दिली नाही. ते रागावून गेले. जानेवारीच्या अखेरीस पाळीप्रमाणे ऊस तुटला. वजन काय भरले ते त्यांनी आम्हाला सांगितले नाही, पण नंतर रस्त्यात भेटल्यावर गाडी थांबवून चहाला चला म्हणाले. समजायचे ते आम्ही समजलो.

आता कोणी म्हणेल, पगारी माणसाला दुसऱ्याच्या भीतीवर बोलायला काय जाते? खरे आहे. ज्याचे पोट दोन एकरांवर आहे त्याला भीती वाटली तर तो काही गुन्हा नव्हे. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे अजून आपल्यात आहेत. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत नदीकाठच्या मळीतला ऊस पाण्याखाली कुजताना आम्हीच पंचनाम्याला उभे होतो. २०२३ साली पावसाने ओढ दिली तेव्हा लागणी वाळल्या. भीतीला कारण असते, आणि ती वेळेवर वाटली तर कामाचीही असते. पूर येणार म्हणून मोटर आणि स्टार्टर काढून घरी आणून ठेवणे याला आम्ही भित्रेपणा म्हणणार नाही. शहाणपणच ते. पण मोटर काढताना आपण काय वाचवतो आहोत हे माहीत असते. चिट्ठीसाठी पायरीवर बसलेल्याला ते माहीत नसते, त्याला फक्त काय टळावे एवढेच माहीत असते. फरक आहे तो एवढाच, पण रानात त्याचे फळ फार वेगळे येते.

पाण्याचे उदाहरण घ्या. शेतीपंपाची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. पाणीपुरवठा संस्थेची पाळी कधी येईल, कधी हुकेल, नेम नाही. म्हणून पाळी आली की माणूस दारे मोडून सोडतो आणि घरी येऊन झोपतो. 'मिळतंय तंवर भरून घ्या, पुन्हा मिळंल न मिळंल.' सरी वाहून वाकुरी तुडुंब, आणि शेजारच्याच्या बांधावरून पाणी ओढ्याला. उसाच्या मुळांना ओलावा लागतो तशी हवाही लागते, हे आम्ही प्रत्येक मेळाव्यात सांगतो आणि मेळाव्यातच ते राहते. काळ्या, निचरा नसलेल्या रानात हे वीस-पंचवीस वर्षे चालले की खालचे पाणी वर येते, पाण्याबरोबर क्षार वर येतात, आणि एका उन्हाळ्यात रान पांढरे दिसू लागते. कृष्णा-पंचगंगेच्या काठी शिरोळ, मिरज, वाळवा या भागांत असे केवढे क्षेत्र गेले ते आपण येता-जाता पाहतो. आता शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून निचरा करण्याचे काम केले आणि पडीक रानात पुन्हा ऊस उभा राहिला. चांगलेच झाले. पण तो खर्च कशाचा, याचा विचार केला तर तो आपल्या वाडवडिलांच्या आणि आपल्या धास्तीचाच आहे. पाणी मिळणार नाही या भीतीने पाणी एवढे दिले की त्याच पाण्याने जमीन नेली.

पाचटाचेही तेच. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. ते सरीत दाबले, त्यावर थोडे युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजविणारे जिवाणू टाकले, बुडखे जमिनीलगत छाटले, पहारीने खत दिले, तर खोडवा लागणीला हटत नाही. हे सगळ्यांना पाठ आहे. तरी मार्च-एप्रिलच्या रात्री क्षितिजाकडे बघा. विचारले तर म्हणतात, उंदीर होतील, साप येईल, शेजाऱ्याने पेटवले तर आपलेही जळेल, मग आपणच पेटविलेले बरे. या शेवटच्या कारणापुढे आम्ही हात टेकलेत.

आणि आता आमचे स्वतःचे.

दुसऱ्याच्या भीतीवर एवढे लिहून आपली झाकून ठेवणे बरे नव्हे. २०११ सालची गोष्ट आहे. आम्ही तेव्हा गटाला अ‍ॅग्री ओव्हरसिअर होतो. एका सभासदाचे ओढ्याकाठी दीड एकर चोपण रान होते. ते पाडेगावच्या संशोधन केंद्रावर जाऊन आले होते आणि तेथे त्यांनी फुले २६५ हा वाण पाहिला होता. २००७ मध्ये प्रसारित झालेला, तेव्हा नवाच. चोपण आणि क्षारवट रानात तग धरतो, फुटवा चांगला, म्हणून त्यांच्या मनात तो भरला होता. आमच्याकडे येऊन म्हणाले, "साहेब, हेच लावतो."

त्या काळात या वाणाबद्दल कारखान्यांत कुरकूर होती. उतारा कमी देतो म्हणून काही ठिकाणी त्याची नोंद घ्यायला नाखुशी होती. त्यात तथ्य अगदीच नव्हते असेही नाही. तो उशिरा पक्व होणारा, लवकर कोयता लावला तर साखर मार खाते. पण आम्हाला कोणी मनाई केली नव्हती. तसे कोणी लेखी दिले नव्हते की तोंडी सांगितले नव्हते. हा वाण अशा रानाला चालतो, हे आम्ही स्वतः शिवारफेरीत डोळ्यांनी पाहिले होते. तरी आम्ही म्हणालो, "नको. ८६०३२ लावा. नोंदीला अडचण नको."

का म्हणालो? उद्या मीटिंगमध्ये "तुमच्या गटात २६५ कुणी वाढवला?" असा प्रश्न आला तर उत्तर द्यावे लागेल, म्हणून. दुसरे कारण नव्हते. को ८६०३२ हा वाण चांगलाच आहे, त्याने आपल्या भागाचा संसार चालविला आहे. पण त्या रानाचा तो नव्हता. निम्मे डोळे उगवले नाहीत. नांग्या दोनदा भरल्या, त्याही जळाल्या. एकरी अठरा टन निघाला. त्या वर्षी त्यांनी दुभती म्हैस विकली. आम्हाला एका शब्दाने बोलले नाहीत. "रानच वाईट" म्हणाले. रान वाईट नव्हते, सल्ला वाईट होता, आणि सल्ला वाईट होता कारण तो त्यांच्या रानासाठी नव्हताच, आमच्या खुर्चीसाठी होता. चौदा-पंधरा वर्षे झाली. त्या बांधावरून जाताना अजून आम्ही गाडी जरा जोरात काढतो.

थोडे जुन्या काळाकडे बघू. १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष आणि विठ्ठलराव विखे पाटील उपाध्यक्ष. त्यासाठी विखे पाटलांनी गावोगाव हिंडून शेअर्सचे पैसे गोळा केले. देणारे कोण? प्रवरा कालव्यावरचे शेतकरी, ज्यांच्या डोक्यावर सावकाराचे कर्ज होते, गुळाचा भाव कधी पडेल याचा भरवसा नव्हता. त्यांना भीती नव्हती असे कोणी सांगू नये. दिलेला पैसा बुडाला तर घर बुडणार होते. पण कालव्याचे पाणी आपले, ऊस आपला, मग साखर दुसऱ्याची का, एवढे एक त्यांना लख्ख समजले होते. त्याच्या आधी १९३२ साली सासवडच्या माळी मंडळींनी नीरा कालव्यावर जाऊन माळीनगरला कारखान्याची कंपनी उभी केली, तीही अशीच. आपल्या कारखान्याचे पहिले शेअर्स घेतानाही आपल्या आजोबांना रात्रीची झोप नीट लागली नसणार. त्यांनी भीती सांभाळून पैसे दिले, आणि आज त्याच कारखान्याच्या दारात त्यांचे नातू 'राहिला तर?' म्हणून बसतात. गंमत म्हणावी की काय म्हणावे?

मोठ्या माणसांचीच उदाहरणे कशाला? आपल्याच गटातील दोन एकरांच्या एका भगिनी सभासदांचे सांगतो. नाव त्यांनी घालू नका म्हणून सांगितले आहे. यजमान वारल्यावर शेअर त्यांच्या नावावर झाला. दिरांनी आणि भावांनी दोन सल्ले दिले, एक तर रान खंडाने द्या, नाहीतर सगळे आडसाली लावून टाका, एकदाच कटकट, टनेजही भरपूर. सल्ला आपुलकीचाच होता. बाईमाणसाला रात्रीचे पाणी, तोडीची धावपळ जमायची नाही, ही भीती सगळ्यांना होती. त्यांनाही होतीच. त्या आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, लेकीचं कॉलेज चार वर्सं हाय. दर जूनला फी भराय लागती. मला लई टन नकोत, मला दरसाल बिल पायजे."

आमच्या नोकरीत असे नेमके बोलणारे माणूस फार थोडे वेळा भेटले. काय पाहिजे ते कळल्यावर बाकी हिशेब सोपा होता. आडसाली सोळा-अठरा महिने रानात राहतो, बिल दरसाल येत नाही. म्हणून एक एकर सुरू लागण आणि एक एकर खोडवा. पुढच्या वर्षी लागणीचा खोडवा होईल आणि खोडव्याच्या रानात नवी लागण. म्हणजे दोन्ही एकरांचे बिल दरसाल, आणि लागणीचा खर्च मात्र एकाच एकराचा. खोडवा डिसेंबरात तुटून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत नवी लागण साधायची तर वेळ अपुरा पडतो, म्हणून टिपरी न लावता एक डोळ्याची ट्रेमधली रोपे. पाच फुटांची सरी, दीड फुटावर रोप, एकरी साधारण ५,८०० रोपे. सरीच्या बगलेला कोथिंबीर आणि मेथी, घरखर्चापुरती. पाचट त्या जाळत नाहीत, "फुकटचं खत पेटवाय माजं काय डोस्कं फिरलंय?" असे त्यांनी आमच्या फिल्डमनला ऐकवले. रात्रीच्या पाण्याचे काय केले? वस्तीवरच्या आणखी दोघी जणी जोडीला घेतल्या. तिघी मिळून तिघींची दारे धरतात, हातात बॅटरी आणि काठी.

एकरी टनेजच्या स्पर्धेत त्यांचा नंबर लागणार नाही, हे खरे. शेजारचा आडसाली त्यांच्या दीडपट निघतो आणि शेजारी ते सांगायला विसरत नाही. त्यांना त्याचे काही वाटत नाही. गेल्या जूनमध्ये तिसऱ्या वर्षाची फी भरली. तोडीला उशीर झाला की त्यांनाही धाकधूक होते, फोन येतो, पण 'द्या चिट्ठी' म्हणून नव्हे. "कधीपर्यंत होईल तेवढं सांगा, म्हंजे मला सोसायटीचं बघता येईल," एवढेच विचारतात.

मुलांच्या बाबतीतही हेच चालले आहे. 'शेतात ठेवला तर लग्न जमत नाही' म्हणून पोराला कुठल्या तरी कंपनीत कंत्राटावर चिकटवायचे, आणि 'बाहेर पाठवला तर हातचा जाईल' म्हणून दुसऱ्याला बळेच रानात जुंपायचे. दोन्हीकडे पोराला काय करायचे आहे हा प्रश्न घरात कोणी काढत नाही. आमच्या घरीही सध्या हाच विषय आहे, म्हणून यावर जास्त लिहीत नाही.

आता कामाचे. आडसाली लागण १५ जुलै ते १५ ऑगस्ट. तिच्या नोंदी घेताना या वर्षी आम्ही आमच्या वहीत एक रकाना वाढविला आहे. गट नंबर, क्षेत्र, वाण, लागणीची तारीख, आणि शेवटी 'कशासाठी'. कारखान्याच्या रजिस्टरला त्याचा काही संबंध नाही, तो आमच्या खासगी वहीतला आहे, आणि उत्तर काही असले तरी नोंद थांबणार नाही. बरीचशी उत्तरे अजून जुन्या वळणाची येतात. 'शेजाऱ्यानं लावला', 'रान मोकळं ठेवायचं न्हाई', 'पाण्याचा हक्क जाईल'. काही वेगळी येतात. एकाने 'घराचा स्लॅब, पुढल्या दिवाळीपर्यंत' सांगितले. एकाने बराच वेळ विचार केला आणि 'उद्या सांगतो' म्हणून गेला, तो चार दिवसांनी आला आणि दोन एकरांची नोंद एकावर आणली. ज्याला नेम धरून लावायचा आहे त्याने गट ऑफिसला मंगळवारी किंवा शुक्रवारी यावे, माती परीक्षणाचा कागद असेल तर आणावा. सकाळी फडात असतो, दुपारी तीननंतर भेटतो.

ते ओढ्याकाठच्या दीड एकराचे सभासदही परवा आले होते. चर खोदून झाली आहे, मुलाने जेसीबी लावला होता. आम्ही आपणहून म्हणालो, यंदा २६५ लावा, नोंदीचे आमच्याकडे. ते म्हणाले, "नको साहेब, यंदा धैंचा करून गाडतो." 'कशासाठी' विचारल्यावर म्हणाले, "रान परत आणायचंय. ऊस फुडल्या साली बघू." तसेच लिहून घेतले. ऊस विकास अधिकाऱ्याच्या वहीत उसाची नसलेली ती एकच नोंद आहे.

— ऊस विकास अधिकारी